सहकारी तत्त्वावरील अग्निशोध

महाराष्ट्रीय प्रेक्षकाचे प्रधान इंद्रिय डोळा नसून कान आहे, ही गोष्ट संगीत नाटकांच्या ऐन भरातल्या हकीकती ज्याने थोड्याफार वाचल्या असतील त्याला निराळी पटवून देण्याची गरज नाही. रात्री सुरू झालेले नाटक कोंबडा आरवेपर्यंत चालावे, एकाच पदाला मागून मागून ‘वन्स मोअर’ घेत दुष्यंताला शकुंतलेची ओळख पटण्यास नाटककाराने योजिल्यापेक्षा दीड-दोन तासांचा अधिक विलंब लावावा, आणि घरी परतताना रंगमंचावर काय घडले यापेक्षा कोणती जागा कोणी कशी घेतली याचाच खल करावा, असा ज्याच्या आजोबा-पणजोबांचा शिरस्ता, तो मनुष्य आज मल्टिप्लेक्सच्या गुबगुबीत खुर्चीत जाऊन बसला म्हणून त्याच्या कानांची भूक मंदावत नाही. त्याला शब्द पाहिजे असतो. तो नसेल तर मागून घेतो, मागूनही मिळाला नाही तर पदरचा घालतो. आणि हा पदरचा शब्द घालण्याचा उद्योग कोणत्या थरास जाऊ शकतो याचे प्रत्यक्ष प्रमाण नेरूळ येथील आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीवर मला पाहावयास मिळाले.

तसे पाहिले तर मराठी रंगभूमीचे बालपणच मुळी अगम्य आरोळ्यांत गेलेले आहे. वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव दिले आहे त्या विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, आणि तेव्हापासून पुढे कित्येक वर्षे चाललेल्या पौराणिक खेळांत तलवारी परजीत, राळेचे भपकारे उडवीत राक्षसांचा प्रवेश झाला म्हणजे त्यांच्या मुखांतून जो घोष बाहेर पडे, त्यावरून त्या नाटकांना ‘अललडुर्र’ हेच नाव पडले. मात्र त्या राक्षसांच्या जोडीला सूत्रधार हजर असे, आणि त्या सगळ्या गदारोळाचा मथितार्थ तो पदांतून श्रोत्यांच्या पदरात घाली. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला तेव्हा पात्रांना वाचा नव्हती. परंतु पडद्यावर हिंदी आणि इंग्रजी पाट्या उमटत, आणि मूकपटांच्या त्या जमान्यात ज्याला अक्षरओळख असे तो पाटी मोठ्याने वाचून आजूबाजूच्या चार रांगांवर उपकार करी. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ बोलू लागली, पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ मराठीतून बोलता झाला, आणि सूत्रधाराची ही वंशपरंपरागत चाकरी संपुष्टात आली. इतकी वर्षे रिक्त राहिलेली ती जागा नेरूळला एका रात्रीत भरली गेली. फरक इतकाच, की जागा एक आणि रुजू झालेले इसम वीस-पंचवीस असा प्रकार झाला.

त्याचे मूळ संस्थेच्या वर्धापनदिनात आहे. १९७० साली सिडकोची स्थापना होऊन खाडीपलीकडे नवे शहर वसवावयाचे ठरले तेव्हा त्या शहरात कोण राहावयास येईल याचे जे काही अंदाज बांधले गेले असतील ते असोत. प्रत्यक्षात आमच्या एका जिन्यावरून खाली उतरताना पहिल्या मजल्यावर गुजराती फोडणीचा, दुसऱ्यावर मल्याळी खोबरेल तेलाचा आणि तळमजल्यावर कोकणस्थी मेतकुटाचा वास लागतो, व फाटकाशी पोहोचावे तो सारसोळ्याची कोळीणमावशी पाटी उतरवून आगरी बोलीत भावाची घासाघीस करीत बसलेली आढळते. एरवी हे भाषावैचित्र्य सर्वांच्या अंगवळणी पडलेले आहे. वर्षातून एकदा वर्धापनदिनी गच्चीवर चित्रपट दाखवावयाचा असतो तेवढा प्रसंग मात्र संस्थेच्या ऐक्यावर घाला घालतो. मराठी चित्रपट लावला त्या वर्षी दाक्षिणात्य सभासदांनी हजेरीपटावर सही केली, बटाटेवडा खाल्ला आणि प्रस्थान ठेवले. पुढल्या वर्षी तडजोड म्हणून हिंदी लावला, तेव्हा आपल्यावर अन्याय झाला हे पटवून देण्यासाठी सर्वच पक्ष अखेरपर्यंत ठाण मांडून बसले. त्यानंतरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय निघाला तेव्हा तामिळ, मल्याळम, गुजराती, पंजाबी अशा चार दरखास्ती, त्यांच्यावर सहा उपसूचना, आणि ‘महाराष्ट्रात राहून हे काय चालले आहे’ असा एक सर्वसाधारण स्वरूपाचा प्रश्न इतका मजकूर इतिवृत्तात जमा झाला. शेवटी दुसऱ्या मजल्यावरचा एक तरुण उठला. हा तरुण कोणा परदेशी कंपनीची रात्रपाळी घरबसल्या संगणकावर करतो, दिवसा निजतो, आणि त्यामुळेच त्याचे मत संस्थेत सहसा कोणी विचारीत नाही. जो चित्रपट कोणाच्याच भाषेत नाही तो लावावा, असे तो म्हणाला.

सभेत क्षणभर शांतता पसरली. ती ओसरताच टाळ्या झाल्या. आणि ‘कोणत्याही सभासदास समजणार नाही अशा भाषेतील चित्रपट सर्व सभासदांस दाखविण्यात यावा’ हा ठराव एकमताने मंजूर झाला. दुखवट्याचे ठराव वजा जाता संस्थेच्या दफ्तरात एकमताचा हा पहिलाच नमुना होय.

चित्रपटाचे नाव ‘क्वेस्ट फॉर फायर’. १९८१ साली झां-झाक आनो या फ्रेंच दिग्दर्शकाने तो जे. एच. रोनी यांच्या एका जुन्या फ्रेंच कादंबरीवरून केला. कथानक ऐंशी हजार वर्षांपूर्वीचे. उलाम नावाच्या टोळीला विस्तव सांभाळता येतो, निर्माण करता येत नाही. शत्रूच्या हल्ल्यात तो विस्तव विझतो आणि नवा आणण्यासाठी तिघे जण रानोमाळ निघतात, एवढीच काय ती गोष्ट. त्या तिघांनी बोलावे कसे, हे ठरविण्याची कामगिरी अँथनी बर्जेस या इंग्रज कादंबरीकाराकडे होती, आणि हातवारे व देहबोली बसविली होती ‘द नेकेड एप’ या गाजलेल्या ग्रंथाचे कर्ते डेस्मंड मॉरिस यांनी. दोघेही आपापल्या क्षेत्रातले नामांकित पुरुष. परंतु त्यांच्या विद्वत्तेचे फळ असे, की पडद्यावरील मंडळी शंभर मिनिटे मनापासून गुरगुरतात, हुंकारतात, एकमेकांस हाका मारतात, आणि त्यांचे एक अक्षर कोणाला उमगावे अशी व्यवस्था तळाशी पाट्या देऊनही केलेली नाही. या चित्रपटाच्या रंगभूषेला ऑस्कर मिळाले. प्रेक्षकांच्या सहनशीलतेला असे पारितोषिक देण्याची पद्धत अद्याप सुरू झालेली नाही.

खेळ सुरू झाला आणि पहिली पाच-सात मिनिटे शांततेत गेली. त्यानंतर पुढच्या सतरंजीवरील एका बालकाने ‘काय म्हणाला?’ असा प्रश्न केला, आणि त्या प्रश्नाला उत्तर नाही हे ध्यानात येताच गच्चीवर जी अस्वस्थता पसरली ती पाहता, लोकांना अर्थाशिवाय बसविणे हे त्यांना जेवणाशिवाय बसविण्याइतकेच जोखमीचे आहे अशी माझी खात्री झाली. प्रथम संशय यंत्रावर गेला. ध्वनिक्षेपक बिघडला असला पाहिजे, असे तीन निरनिराळ्या भाषांत तीन सद्गृहस्थांनी जाहीर केले. वायरमनला बोलावण्यात आले. त्याने वायरी हलविल्या, खोक्याला कान लावला, पडद्याकडे एकवार निरखून पाहिले, आणि ‘आवाज बरोबर आहे, माणसंच तशी बोलतायत’ असा अभिप्राय देऊन तो तेथेच मांडी घालून बसला.

त्यानंतर निवृत्त हेडमास्तर पुढे सरसावले. हे मूळचे नेवाशाकडचे. नेवाशाला प्रवरेकाठी डॉ. हसमुख सांकलियांनी अश्मयुगीन हत्यारे उजेडात आणली या गोष्टीमुळे त्या युगावर आपला वतनी हक्क आहे अशी त्यांची समजूत असावी. कारण पडद्यावरच्या नायकाने हातोड्यासारखा दगड उचलताक्षणी ‘आमच्याकडचाच!’ असे ते उद्गारले, आणि तेथून पुढे प्रत्येक हुंकाराचे प्रमाण मराठीत भाषांतर करण्याचा भार त्यांनी आपण होऊन शिरावर घेतला. दलदलीतल्या पाण्यात विस्तव विझून टोळीने आक्रोश मांडला, तेव्हा मास्तर म्हणाले, ‘हा नायक म्हणतो, हे दैवा, कुलक्षयाची ही घटिका पाहण्यासाठीच का तू आम्हांस जिवंत ठेविलेस?’ मूळ उद्गार एकाक्षरी होता. डावीकडच्या रांगेत खजिनदार गुजरातीतून आपल्या मंडळींना निराळेच भाषांतर देत होते. त्यांचा सारांश असा, की ड्यूटीवर माणूस कोण होता आणि त्याचा पगार कापला की नाही, याची विचारणा चाललेली आहे.

आणि खरे सांगावयाचे तर गच्चीवरच्या बहुसंख्य सभासदांना खजिनदारांचेच भाषांतर अधिक पटले. सामाईक मालकीची वस्तू नोकराच्या हलगर्जीने नष्ट व्हावी, वडीलधाऱ्यांनी गुहेत बसून नुसता गलका करावा, आणि अखेर तीन जणांची उपसमिती नेमून तिला प्रवासखर्चाची तरतूद न करता बाहेर धाडावे, ही कथा सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदाला परकी वाटण्याचे कारणच काय? पाण्याची टाकी भरून वाहत असता पंपवाला निजला होता तो प्रसंग दोघा-तिघांनी ताबडतोब काढला. पंपवाला स्वतः मागे उभा होता. विस्तव विझविणाऱ्या त्या आदिमानवाबद्दल त्या गर्दीत सहानुभूती असलेला तो एकटाच इसम, आणि ती त्याने उघडपणे बोलून दाखविली.

मुलांची तक्रार वेगळी होती. त्यांना डायनासोर पाहिजे होते. प्रागैतिहासिक म्हटले की डायनासोर आलेच अशी त्यांची समजूत करून देण्यात १९६६च्या ‘वन मिलियन इयर्स बी.सी.’सारख्या चित्रपटांचा हात आहे. त्या चित्रपटात रॅक्वेल वेल्चला चामड्याच्या अपुऱ्या वस्त्रांत डायनासोरांच्या पुढे पळविण्यात आले आहे आणि तेथेही कोणी समजेलसे काही बोलत नाही, परंतु पळणारी व्यक्ती ती असल्याने त्याबद्दल कोणाची तक्रार आल्याचे ऐकिवात नाही. वस्तुतः मनुष्य आणि डायनासोर यांची गाठ कधी पडलीच नाही. त्यांच्या दरम्यान सहा कोटींहून अधिक वर्षांची मुदत लोटलेली आहे. दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरांवर थर पसरत होते तो काळ डायनासोरांच्या अस्ताचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच लाव्ह्याचा काळा पाषाण होऊन पारसिकचा डोंगर उभा राहिला, आणि त्या डोंगराच्या खाणी फोडून निघालेली खडी नवी मुंबईच्या इमारतींत पडली. तेव्हा डायनासोरांचा अंत पाहिलेला दगड आपल्या बुडाखालीच आहे, असे मी शेजारच्या मुलाला समजावून सांगितले. त्याने बुडाखाली पाहिले, तेथे सतरंजी होती, आणि माझ्यावरचा त्याचा विश्वास त्या क्षणी उडाला.

एव्हाना भाषांतराचे लोण सर्वत्र पसरले होते. पडद्यावर एक जण काही पुटपुटे आणि गच्चीवर सहा भाषांत सहा संवाद एकाच वेळी उमटत. तेही एकमेकांशी मेळ नसलेले, कारण ज्याच्या घरात जे चालले असेल तेच त्याला त्या पुटपुटण्यात ऐकू येई. तिघे वीर सुळेवाल्या सिंहांच्या भयाने झाडावर चढून बसले आणि पाला ओरबाडून खात खात त्यांनी ते झाड निष्पर्ण केले, तेव्हा एका सासूबाईंच्या मते त्यांतला एक जण ‘बायको माहेरी गेली की असेच हाल’ असे म्हणत होता. उद्यान उपसमितीच्या निमंत्रकांना मात्र तो वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीविना झालेल्या तोडीचा धडधडीत गुन्हा वाटला. पंजाबी सरदारजींचा कळंबोलीला ट्रकांचा धंदा. वाटेत भेटणारी प्रत्येक टोळी ही नाक्यावरची वसुली आहे आणि संभाषण केवळ रकमेबद्दल चालले आहे, असे ते ठामपणे सांगत होते. नायक वारंवार ‘अत्रा, अत्रा’ असे ओरडतो, कारण बर्जेसने विस्तवाला तो शब्द योजिलेला आहे. आमच्या अध्यक्षांना तो ‘अत्रे’ असा ऐकू आला, आणि आचार्यांची कीर्ती ऐंशी हजार वर्षे मागे गेली याचा त्यांना मनापासून आनंद झाला.

नरभक्षक टोळीचा प्रवेश होताच खजिनदारांच्या घरची मंडळी आसने उचलून खाली गेली. त्यांनी रिकाम्या केलेल्या जागेवर कोळीणमावशी येऊन बसली. तिला अध्यक्षांनी आमंत्रण दिले होते. जाळावर धरलेल्या त्या भयंकर भोजनाकडे तिने व्यवसायाच्या नजरेने पाहिले आणि ‘मीठ नाय, मसाला नाय, कसं खातान ह्ये?’ एवढाच शेरा मारला. मनुष्याने मनुष्य खावा की नाही या नैतिक प्रश्नात ती शिरली नाही.

आता एका नाजूक प्रकरणाकडे वळावे लागते. चित्रपट लहान मुलांस दाखविण्यास योग्य आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी सचिवांवर होती. त्यांनी आरंभीची दहा मिनिटे पाहून फायलीवर ‘शैक्षणिक’ असा शेरा मारला होता. ऐंशी हजार वर्षांपूर्वी लज्जा नावाची वस्तू अस्तित्वात आलेली नव्हती ही बाब दहा मिनिटांनंतर स्पष्ट होते. ती स्पष्ट होताच सचिव विजेच्या वेगाने उठले आणि त्यांनी प्रोजेक्टरच्या भिंगापुढे आपला उजवा हात धरला. पांढऱ्या पडद्यावर पाच बोटांचा एक अवाढव्य काळा पंजा उमटला. फ्रान्स-स्पेनमधल्या गुहांच्या भिंतींवर असे पंजे हजारो वर्षांपूर्वीच्या मनुष्यांनी उमटविलेले सापडतात. त्या रात्री आमच्या पडद्यावर दिसलेली सर्वांत अस्सल प्रागैतिहासिक वस्तू सचिवांचा हात ही होय. तो हात काही वेळाने अवघडून खाली आला, प्रसंग अद्याप चालूच आहे असे पाहून पुन्हा वर गेला, आणि शेवटी त्यांनी दुसरा हात लावला. मुले ‘काय चाललंय?’ म्हणून विचारीत होती. परंतु इतका वेळ ज्यांची जीभ टाळ्याला लागली नव्हती ते सहाही भाषांचे दुभाषी एकाएकी मौनव्रतात गेले होते, आणि हेडमास्तर तर आकाशातल्या नक्षत्रांचे निरीक्षण करण्यात गढून गेले होते.

पंजा दूर झाल्यावर केसाळ मॅमथांचा कळप आला. हे मॅमथ म्हणजे अंगावर केसांची झूल चढविलेले खरेखुरे हत्ती. नायक हातात गवताची जुडी घेऊन कळपाच्या म्होरक्यापुढे भीत भीत जातो आणि ती त्याला देऊ करतो. या प्रसंगाला भाषांतर करावयास मास्तरांनी तोंड उघडले होते. पण तळमजल्यावरच्या आजींनी हात जोडले, त्यांचे पाहून तामिळ वहिनींनी जोडले, मग मागच्या दोन रांगांनी जोडले, आणि दूर्वा वाहिल्यावर गजमुखाने प्रसन्न व्हावे हे इतके स्वाभाविक होते, की मास्तरांचे भाषांतर तोंडातच राहिले.

पण ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहावयास घेतला तो याच्याही पुढचा आहे. या तिघा वीरांबरोबर आता दुसऱ्या, अधिक पुढारलेल्या टोळीतली इका नावाची तरुणी आहे. सगळे बसलेले असता वरून एक दगड घरंगळत येऊन एकाच्या डोक्यात पडतो. इका खदखदून हसते. तिघे वीर तिच्याकडे टकमक पाहू लागतात, कारण हसणे ही गोष्ट त्यांना ठाऊकच नाही. तिला काही दुखते आहे, की श्वापद दिसले आहे, की वेड लागले आहे, याचा त्यांना उलगडा होत नाही. आमच्या गच्चीवर मात्र दगड पडताक्षणी असा हशा उसळला, की समोरच्या इमारतीतल्या तीन खिडक्या उघडल्या. कोणीही कोणाला ‘काय झाले?’ असे विचारले नाही. सहा भाषांचे सहा दुभाषी बेकार झाले आणि त्याचे त्यांना वाईटही वाटले नाही. पुढे आणखी काही वेळाने, ज्याच्या डोक्यात दगड पडला होता तोच वीर आपल्या सोबत्याच्या डोक्यात ठरवून दगड टाकतो, रक्त येते, आणि आता तेही सगळे हसतात. टोळीने विनोद आत्मसात केला याची ती खूण.

या दृश्यापाशी मी जरा खिन्न झालो, हे नमूद करणे भाग आहे. विनोदी लेखन करणाऱ्या माणसाने कोटी, वक्रोक्ती, उपरोध, अतिशयोक्ती इत्यादी अलंकारांची आयुष्यभर उपासना करावी, ‘सुदाम्याच्या पोह्यां’पासून आजतागायतची परंपरा अभ्यासावी, एका विशेषणासाठी अर्धी रात्र जागावे, आणि सहा भाषांच्या श्रोत्यांना एकसमयावच्छेदेकरून जे हसू आले ते दुसऱ्याच्या टाळक्यात पडलेल्या एका दगडाने, हे पाहून कोणाचे मन विषण्ण होणार नाही? पहिला दगड आपोआप पडला तो निसर्ग आणि दुसरा मुद्दाम टाकला ती कला, अशी व्याख्या मी शेजारी बसलेल्या सद्गृहस्थांना ऐकविली. ते अजून दगडालाच हसत होते.

पुढे इकाच्या टोळीतला एक मनुष्य दोन काष्ठे घेऊन, एक दुसऱ्यावर उभे धरून तळहातांत घुसळू लागतो. धूर येतो, ठिणगी पडते, आणि नायकाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागते. येथे हेडमास्तरांना अवसर मिळाला. आपल्या अग्निहोत्री घराण्यांत शमीवर वाढलेल्या पिंपळाच्या लाकडाच्या अरणी असतात, खालची अधरारणी, वरची उत्तरारणी, मंथन कसे करावयाचे, दोरी कोणी ओढावयाची, असा सर्व विधी त्यांनी सांगितला, आणि तो इतका तपशीलवार सांगितला, की तो पुरा होईपर्यंत पडद्यावरच्या वीरांनी विस्तव घेऊन परतीची अर्धी वाट तुडविली होती. एका मुलाने ‘यांच्याकडे लायटर नव्हता?’ असे विचारले. त्याला कोणी रागे भरले नाही. पाइपातून गॅस येणाऱ्या स्वयंपाकघरात वाढलेल्या त्या मुलाने काडी ओढतानाही वाढदिवसाच्या मेणबत्तीपलीकडे कोणाला पाहिलेले नाही.

मास्तर थांबल्यावर मी आजींकडे वळलो. आजींचे वय नव्वदीच्या घरात, गाव गुहागरकडचे, आणि ऐकू जवळजवळ येत नाही. यंत्र आहे, पण ते कानात किरकिर करते म्हणून त्या ते देवघरात ठेवतात. त्यांच्या डोळ्यांपुढे हा सगळा धुडगूस शब्दाविना चाललेला, तेव्हा त्यांना आतापर्यंतचे कथानक कोणीतरी समजावून द्यावे अशा सद्बुद्धीने मी त्यांच्या कानाशी ओरडून, कळते आहे ना, असे विचारले. त्यांनी माझ्याकडे किंचित अनुकंपेने पाहिले. ‘न कळायला काय झालं? ह्यांचा विस्तव विझला, मागायला निघालेत. आमच्याकडे पावसाळ्यात असंच. चूल विझली की शेणी घेऊन पोरांना धाडायचं शेजारी. एका घरी मिळाला नाही की दुसऱ्या घरी. येताना वाऱ्यापावसात विझतो तो निराळाच. आणि ही पोरगी हुशार आहे, ती ह्यांना पेटवायचं शिकवणार.’ मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, ‘रोज रात्री टीव्हीवर बायका भांडतात, त्यांचं तरी मला कुठं ऐकू येतं? कळतं सगळं.’

आणि झालेही तसेच. गुहेपाशी परत आल्यावर आनंदाच्या दंगलीत तो आणलेला विस्तव पुन्हा पाण्यात पडतो, नायक काष्ठे घुसळून घुसळून थकतो, आणि शेवटी इका पुढे होऊन विस्तव पेटविते. तो पाण्यात पडला तेव्हा पंपवाला मागून ‘बघा!’ असे मोठ्याने म्हणाला. आजी नुसत्या मान डोलावीत होत्या.

खेळ संपला त्याच रात्री संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर वादाला तोंड फुटले. कोणाच्याच भाषेत नसलेला चित्रपट दाखवावयाचा असे ठरले असता प्रत्यक्षात तो तामिळमध्ये होता, कारण आपल्याला त्यातले निदान चार शब्द स्वच्छ समजले, असा तामिळ गृहस्थांचा दावा. पंजाबी सरदारजींना दोन शिव्या ओळखीच्या वाटल्या. आणि मराठी पक्षाने अध्यक्षांच्या ‘अत्रे’ या साक्षीच्या आधारे आपला हक्क शाबूत ठेवला. या दाव्यांना हसणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इकाच्या टोळीच्या तोंडी जी भाषा आहे ती बरीचशी उत्तर कॅनडातील क्री आणि इन्युइट लोकांच्या बोलींवर बेतलेली आहे, आणि त्या बोली ज्यांच्या घरात चालतात अशा प्रेक्षकांनी हा चित्रपट पाहिला तेव्हा, पडद्यावर चाललेल्या प्रसंगाशी त्या शब्दांचा काडीइतका संबंध नाही हे कळून, गंभीर दृश्यांत त्यांची करमणूक झाली. जगात ज्यांना हा चित्रपट अक्षरशः समजला, त्यांनाच तो सर्वांत कमी समजला. ही माहिती मी गटावर टाकली. तिच्याखाली तिघांनी हात जोडल्याची चिन्हे उमटविली. त्यांचा अर्थ मी अद्याप लावलेला नाही.

पुढच्या सर्वसाधारण सभेत तीन सूचना आल्या. पहिली, पुढच्या वर्षी चित्रपटाखाली पाट्या असाव्यात. ती कोणत्या भाषेत या प्रश्नावर तहकूब झाली. दुसरी, सचिवांच्या हातास झालेल्या श्रमांबद्दल आभार मानावेत. ती स्वतः सचिवांच्या विनंतीवरून इतिवृत्तातून वगळण्यात आली. तिसरी, आजींना संस्थेच्या मानद दुभाषी नेमावे. तिला मास्तरांनी लेखी हरकत घेतली. खर्चाचा प्रश्न तेवढा निर्वेध पार पडला. पडद्याचे भाडे, वायरमनचा मेहनताना आणि बटाटेवडे यांसाठी हिशेबात मनोरंजनाचे खाते उघडण्यास उपविधींत आधार सापडत नव्हता. तेव्हा चित्रपटाचे नाव व विषय लक्षात घेऊन खजिनदारांनी ती सगळी रक्कम ‘अग्निशमन व्यवस्था’ या सदराखाली खर्ची टाकली, आणि त्या सदराखाली इतक्या वर्षांत प्रथमच काही खर्च झालेला पाहून हिशेबतपासनीसांनी समाधान व्यक्त केले.